बत्तिसावी चूक

सोमवार, ६ ऑक्टोबर
१. कोणत्याही तारखेला ग्रह आकाशात कुठे असतील, हे सांगणारा माझा प्रोग्रॅम पूर्ण झाला.
२. पडताळणीसाठी आमच्याच प्रकाशनाची एकतीस वर्षांची ग्रहस्थितीची पुस्तकं घेतली. पाच ग्रह, रोजचा एकेक आकडा – एकूण ५६,६१५. सगळे काकांनी, म्हणजे आमच्या जुन्या गणितींनी, हाताने काढलेले. काका मार्चमध्ये निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीवर आता मी.
३. एकतीस आकडे चुकीचे निघाले. फरक दहा-बारा कलांचा, म्हणजे अंशाच्या पाचव्या हिश्शाइतका.
४. यादी संपादकांना दिली.
५. ते म्हणाले, नव्या पुस्तकात काकांच्या नावानिशी शुद्धिपत्र छापू आणि मुखपृष्ठावरून त्यांचं नाव काढू.

यादी बरोबर होती.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
मंगळाची एका दिवसाची जागा हाताने काढून पाहिली. आधी पृथ्वी कुठे, मग मंगळ कुठे, मग इथून तो कुठे दिसेल. शिवाय त्याचा प्रकाश पोचायला लागणारी मिनिटं. दोन तास वीस मिनिटं गेली – आणि उत्तर चुकलं! रोजचा आकडा मुळापासून काढावा लागत नाही, मधले दिवस भरून काढता येतात, हे मान्य. तरीही ५६,५८४ बरोबर. लॉगची कोष्टकं, पेन्सिल आणि एक माणूस.

बुधवार, ८ ऑक्टोबर
यादी मी फरकाच्या क्रमाने लावली होती. आज वर्षांच्या क्रमाने लावली. दर वर्षी एक चूक. दोन कधीच नाहीत, शून्यही नाही. हातून घडणाऱ्या चुका इतक्या शिस्तीत येत नाहीत.

मग त्या-त्या तारखेला तो ग्रह कुठे होता ते पाहिलं. एकतीसही वेळा सूर्याला खेटून, उजेडात बुडालेला. कुणालाच दिसला नसता.

हे मी आधी बघायला हवं होतं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
काकांकडे गेले. दार काकूंनी उघडलं. कोण, काय, ते ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तू माझी सवत! इतकी वर्षं हे जेवतानाही बुधाला मांडीवर घेऊन बसायचे."

काकांसमोर यादी ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवत शेवटपर्यंत वाचली. मग सगळं सांगितलं. आमचे आकडे जसेच्या तसे उतरवून विकणारे होते. थोरल्या मालकांनी सांगितलं, दर वर्षी एक आकडा मुद्दाम चुकवा. ज्याच्या पुस्तकात तो उतरेल तो चोर. दोघं तसेच सापडले. ही गोष्ट फक्त काकांना आणि थोरल्या मालकांना ठाऊक. थोरले मालक आता नाहीत.

मी विचारलं, ग्रह न दिसणारे दिवसच का?

"चोराला धरायचं, वाटसरूला चकवायचं नाही."

मग त्यांनीच विचारलं, "एकतीसच? बत्तिसावी नाही सापडली?"

"नाही. सगळे आकडे दोनदा तपासले."

त्यांनी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. काकूंनी चहा आणून ठेवला. बाकी सगळे आकडे बरोबर आहेत, हे काकांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगू शकणारं कुणी नव्हतंच.

शुद्धिपत्राचं मी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, की छापू देत, पण गुपित फोडू नकोस. सापळा बोभाटा करून लावत नाहीत.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
संपादकांना सांगितलं – यादी मागे घेते, कारण देता येणार नाही. ते म्हणाले, मग चूक कुणाची धरायची?

"माझी धरा."

त्यांनी तसं लिहून घेतलं. मी सही केली. शुद्धिपत्र रद्द, काकांचं नाव मुखपृष्ठावर कायम. माझे आकडे मात्र यापुढे काकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायचे नाहीत! हरकत नाही. नव्या पुस्तकाची मुद्रितं संध्याकाळीच त्यांच्याकडे पाठवली.

सोमवार, १३ ऑक्टोबर
काकांकडून मुद्रितं परत आली. एकही खूण नाही. वर पेन्सिलीने चिठ्ठी:

"तुझे सगळे आकडे बरोबर आहेत, त्यामुळे पुस्तक असं छापता येणार नाही. बत्तिसावी तू निवड. ग्रह कोणता, तारीख कोणती, ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळव."