कोरफड हलवायची नाही

आई, तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते. रविवारी लेक मला कायमची पुण्याला न्यायला येणार होती. ती येणार नाही. का, ते मी फक्त तुलाच सांगू शकते.

होळी गावातल्या आपल्या वाडीतून तू दिलेली कोरफड अजून आहे. गोखिवऱ्याच्या चाळीत मी ती डालड्याच्या डब्यात लावली तेव्हा तू म्हणालीस, "पानी कमी घाल गं बाय. तहानेनं हिला काय होत नाय, लाडानं मरंल." आता ती फ्लॅटच्या खिडकीत आहे. हे गेल्यावर चार महिने मी तिच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं तर पानं बारीक, तांबूस, आणि बुंध्याशी दोन पिल्लं. बरं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. शेजारणी म्हणतात, धीराची बाई. धीर कसला, रडू येत नाही एवढंच. वाचनालयातून पुस्तक आणते, पानं उलटते, तारखेला परत करते.

लेक दोन वर्षांची होऊनही अंगावर पीत होती, ते आठवतं? तू दारात भाजीची पाटी उतरवतेस. पालेभाजीखालून कोरफडीचं पान काढतेस, चिरतेस आणि गर माझ्या छातीला चोळतेस. पोरगी तोंड लावते, थुंकते आणि माझ्याकडे बघत राहते. "रडू दे. दोन दिस रडंल, तिसऱ्या दिवशी इसरंल." दुसऱ्या दिवशी दुपारी तू बाजारात गेलीस आणि मी साबणाने सगळं धुऊन टाकलं. हे दारात उभे राहून राखण करत होते. "सासूबाई वळणावर दिसल्या गं, आटप!" म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले. पुढे दोन महिने ती पीत होती. तुला सांगितलं, तिसऱ्या दिवशी विसरली. तू बाजारभर सांगत फिरलीस, "माझ्या वाडीची कोरफड हाय ती!" खरं काय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. आता मला एकटीला.

परवा लेक फोनवर म्हणाली, "मम्मी, तिथे एकटी काय करणार? दोन दिवस जड जातील, मग सवय होईल." आवाज तिचा, बोलणं तुझं. तुला नीट पाहिलेलंही आठवत नाही तिला.

मी म्हटलं, "कोरफडीची कुंडी आत्ताच बदललीये. मुळं धरेपर्यंत हलवायची नसते."

"किती दिवस?"

"दोन महिने."

"बरं," म्हणाली. झाडांतलं तिला काही कळत नाही. उपटून कोपऱ्यात टाकली तरी कोरफड महिनाभर जगते, हे तिला कोण सांगणार? तू असतीस तर तिथल्या तिथे पकडलं असतंस.

हा कागद वाचनालयाच्या पुस्तकात राहायला नको, म्हणून कुंडीखाली सारून ठेवते. कुंडी जुनीच आहे, आई.