तिघांचा व्हिसा

२ मार्च, रविवार

सोमेशराव आले होते. न कळवता! दिवाळीशिवाय कधी लेकीकडं येत नाहीत. सोबत निवेदिता — त्यांच्या या दुसऱ्या लग्नाला दीड वर्ष झालं, पण आमच्या घरात ती पहिल्यांदाच आली.

अव्वानं चहा टाकला. तो उकळायच्या आतच ते बोलले, "ताई, कंपनी मला अमेरिकेला पाठवतीय. तिथल्या ऑफिसात, तीन वर्षांसाठी. रंजूला सोबत घेऊन जावं म्हणतो."

घेऊन जावं म्हणतो! दोन दिवस पुण्याला फिरवून आणायचं असावं तसं.

अव्वाच बोलली, "पोरगीला काय आवडतंय, काय न्हाय, ते तरी ठावं हाय का तुमाला, जावई?"

निवेदिता अंगणात रंजूला शोधत होती. रंजू शेजारच्या गोठ्यात जाऊन लपली होती. ते गेल्यावरच बाहेर आली.

३ मार्च

काल अर्धवटच लिहिलं. आज नीट लिहिते.

महेश्वरी अव्वाची धाकटी लेक, माझी बहीण. सोलापूरच्या दवाखान्यात रंजू झाली आणि आठवडाही न होता महेश्वरी गेली. सोमेशराव पोरीला न बघताच कळंबला घरी गेले, तिथून पुण्याला नोकरीवर. तिला इकडं माकणीला, आमच्या घरी, मी आणलं. तेव्हा माझं लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांनी विचारलं, "पोरीचं काय करणार?" मी म्हटलं, माझ्याबरोबर येईल. ते परत फिरकले नाहीत. मला वाईट वाटलं नाही. खरंच नाही. अव्वा, शाळेची नोकरी आणि ही पोरगी — घर भरलेलं होतं.

आता रंजू दुसरीत आहे, माझ्याच वर्गात. शाळेत मला 'बाई' म्हणते, फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'मावशी'. आजवर एकदाही चुकलेली नाही.

९ मार्च

सोमेशरावांचा फोन. कंपनीच्या बदलीचा व्हिसा म्हणजे काय ते समजावून सांगत होते. माणूस कंपनीचा, म्हणून व्हिसाही कंपनीच्या नोकरीपुरता. नोकरी सुटली की व्हिसा सुटला. बायको आणि मुलं एवढ्यांनाच सोबत नेता येतं.

विचारायला नको होतं, पण विचारलं — "पोरीला सांभाळणारं कुणी असेल तर?"

मग म्हणाले, "कंपनीच्या वकिलाला मी तेच विचारलं ताई. मावशी त्यात बसत नाही. आईवडीलसुद्धा बसत नाहीत."

म्हणजे माझा विचार त्यांनी केला होता. मला मनसोक्त राग करता येईल असा माणूस हवा होता. तेवढाही राहू देत नाहीत.

तीन वर्षांनी रंजू दहाची होईल. दहा वर्षांच्या मुली मी रोज बघते. त्या वयात परत आलेली मुलगी इथली राहते का?

१९ मार्च

धाराशिवला गेलो. रंजूच्या पासपोर्टसाठी. सोमेशराव पुण्याहून थेट तिथं आले.

टेबलामागच्या माणसानं विचारलं, "आई?"

"वारली."

"वडील?"

सोमेशराव पुढं झाले. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही कोण?"

मावशी म्हटल्यावर म्हणाला, "मॅडम, तुम्ही बाहेर बसा, आत गर्दी होतीय." नीटच बोलला. त्याचं काय चुकलं? मी बाहेर बाकावर जाऊन बसले. काचेतून रंजू दिसत होती. फोटोसाठी तिला उंच खुर्चीत बसवलं होतं आणि ती पुन्हा पुन्हा वळून दाराकडं बघत होती. मी हात केला, तेव्हा कुठं समोर बघितलं.

नंतर हॉटेलात जेवलो. सोमेशरावांनी मला विचारलं, "तिखट चालतं का हिला?"

रंजू माझ्याच कानाशी येऊन म्हणाली, "त्यांना सांग, चालतंय म्हणून."

२० मार्च

आज रंजूनं वर्गात हात वर केला. "बाई, अमेरिकेत पण दुसरी असती का?" सगळी मुलं हसली. मी फळ्याकडं वळले.

३० मार्च, पाडवा

अव्वानं लोहाऱ्याहून शिवलिंगप्पाकाकांना बोलावून घेतलं. ते वकील, आमच्या दूरच्या नात्यातले. पुरणपोळी खाता खाता म्हणाले, "बापाचा हक्क मोठा, भुवनेश्वरी. पण तू सांभाळलंस, तेही कोर्ट ऐकेल. फक्त पोरीला उभं करावं लागेल. तुला कोण पाहिजे, हे जजसाहेबांनी तिलाच विचारलं पाहिजे."

रंजू दारात बसून कडुनिंबाची पानं थुंकत होती, तोंड वेडंवाकडं करत. हिला उभं करायचं? बाप का मावशी, सांग म्हणून?

नको म्हटलं.

काका गेले आणि अव्वानं रंजूला जवळ घेतलं. "तू गेलीस की तुझी मावशी मरून जाईल बघ!" रंजू पांढरी पडली. मी अव्वावर ओरडले — जन्मात पहिल्यांदा. अव्वा रडली, रंजू रडली. सणाचा दिवस!

पण खरं इथं तरी लिहू. तेच वाक्य माझ्याही जिभेवर आठवडाभर होतं. तेवढं एक बोलले असते तर पोरगी जागची हलली नसती.

१३ एप्रिल

सोमेशराव आले. रंजूला घेऊन धरणाकडं फिरायला जातो म्हणाले. ती एकटी जाईना, म्हणून मीही गेले. ती पुढं दगड गोळा करत चालली होती.

मी विचारून टाकलं. "इतकी वर्षं कुठं होता?"

त्यांनी सबब सांगितली नाही. "तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं ताई. महेश्वरीचंच तोंड."

"आम्हाला बघावंच लागलं."

"व्हय," म्हणाले. पुण्यात राहून हरवलेलं 'व्हय' त्यांच्या तोंडून कितीतरी दिवसांनी ऐकलं. मग म्हणाले, "निवेदिता बोलली मला. पोरगी इथं ठेवून तिकडं जाऊन घर मांडायचं, हे मला जमणार नाही म्हणाली. मी तर आताही पळूनच चाललो होतो."

ते पाण्याकडं तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. रंजू दगड घेऊन परत आली, तिनं बघितलं, आणि मला विचारलं, "ते का रडायलेत?"

मी म्हटलं, तूच विचार.

ती गेली नाही. पण हातातला एक दगड त्यांना नेऊन दिला.

२६ एप्रिल

परीक्षा कालच संपल्या. निवेदिता चार दिवस राहायला आली आहे, एकटीच. तुळजापूरची. तिचे वडील तिथं मास्तर होते. तिला भाकरी थापता येत नाही! रंजू हसून हसून लोळली. "अशी न्हाय, अशी!" म्हणत तिच्या हातावर हात ठेवून शिकवत होती. भाकरीचा नकाशा झाला. निवेदितानं तो खाल्ला.

मग रंजूनं तिला अव्वाची भाषा शिकवायला घेतली. पाणी म्हणजे नीरु, जेवण म्हणजे ऊटा. निवेदितानं अव्वाला "अव्वा, ऊटा?" म्हणून विचारलं. अव्वानं तोंड फिरवलं, पण जेवायला उठली.

संध्याकाळी भांडी विसळताना निवेदिता हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही मला हाकलून का देत नाही?"

"तुम्ही वाईट असता तर दिलं असतं."

भांडी सगळी तिनंच विसळली.

२७ एप्रिल

रंजूला ताप. निवेदिता उशाशी, मी पायथ्याशी. पट्ट्या तिनं बदलल्या. रंजूनं ग्लानीत पाणी मागितलं, ते माझ्याकडं. हे लिहिण्यासारखं आहे का? पण लिहिलं.

७ मे

व्हिसाची मुलाखत मुंबईत. लहान मुलांना काही विचारत नाहीत म्हणे, पण तिघांनी मिळूनच जायचं, असं निवेदिताचं म्हणणं. आधी आठवडाभर पुण्याला त्यांच्या घरी, मग मुंबई. रंजूला सवय व्हावी म्हणून.

गाडीत बसताना तिनं माझा पदर मुठीत धरला. मूठ सुटेना. मीच एक एक बोट सोडवलं — हसत. पूर्ण वेळ हसत होते. तोंड दुखून आलं.

८ मे

घरात आवाज नाही. अव्वा एकटीच चुलीशी कन्नडमध्ये बोलते आहे. कुणाशी, विचारलं नाही.

१० मे

फोन आला नाही. मी केला नाही.

१३ मे

रंजूचा फोन, मुंबईहून! "मावशी, समुद्र बघितला! धरणापेक्षा लई मोठा. पलीकडं काठच न्हाय!" मागून निवेदिताचा आवाज — "पाय धू आधी, वाळू आणलीस सगळी." आणि रंजूचं हसू.

भाकरी थापायला बसले, ती करपली.

१५ मे

व्हिसा नाकारला.

सोमेशरावांनी दुपारी सांगितलं. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यानं विचारलं, तुम्ही तिथं जे करणार, ते तिथला माणूस शिकू शकणार नाही का? सोमेशराव म्हणाले, शिकेल. किती दिवसांत? खरं ते बोलले — हुशार असेल तर काही महिन्यांत. मग आणखी एक-दोन प्रश्न, आणि पासपोर्ट परत. "खास ज्ञान असलेला माणूसच पाहिजे असतो ताई. वकिलानं शिकवलं होतं काय बोलायचं. पण समोर उभा राहिल्यावर खोटं निघालं नाही." त्यांचा गेला की त्या दोघींचा आपोआप गेलाच. कंपनी आता दुसऱ्या कुणाला पाठवणार.

मी म्हटलं, "वाईट झालं."

फोन ठेवला आणि परसात जाऊन धुण्याच्या दगडावर बसले. मला हसू येत होतं! पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. त्यांच्या घरात सुतक पडल्यासारखं झालेलं, आणि मी इथं हसत होते. अव्वानं बसवण्णाच्या फोटोपुढं साखर ठेवली. अडवायला पाहिजे होतं. उलट मीही चिमूटभर खाल्ली.

१८ मे

रंजू आली! पळत येऊन गळ्यात पडली. उन्हानं काळवंडली आहे. केस कापलेत, कानापर्यंत. छान दिसतात, हे मान्य करायला मला दुपार झाली.

सोमेशराव एकदम थकलेले दिसले. अव्वाच्या पाया पडले. "तुमच्या जिवाला उगाच घोर लावला." अव्वानं पहिल्यांदाच त्यांना जेवून जा म्हटलं. मीही आग्रह करकरून वाढलं. आता मला गोड वागायला काय जात होतं! निवेदिता चुलीपाशी बसून होती, जेवलीच नाही. निघताना मला म्हणाली, "तिला दूध कोमट लागतं, नाही का?" मग स्वतःच ओशाळली. "मी तुम्हाला सांगतीय!"

धरणाच्या वळणापर्यंत गाडी दिसत होती. रंजू तिथवर बघत उभी राहिली. ऊन फार होतं म्हणून मी हाक मारली. तिला ऐकू गेली नाही.

२५ मे

सगळं पहिल्यासारखं झालं आहे. मग पोरगी जेवत का नाही? गोठ्यात नाही, मैत्रिणींकडं नाही. उंबऱ्यावर बसून असते.

आज जवळ घेऊन म्हटलं, "असं करू नये बाळा. अमेरिका कुठं पळून जात नाही. मोठी झालीस की जाशील."

"मला अमेरिका नको."

हुश्श झालं. तिला कुशीत घेतलं. ती माझ्या बांगडीशी खेळत राहिली.

१ जून

तिच्याकडून शुद्धलेखन लिहून घेतलं. लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "निवेदिताकाकू एकटीच असती. बाबा ऑफिसला जातात ना." मी म्हटलं, "मोठ्या माणसांना सवय असते." तिनं मान हलवली. पण 'बाबा' म्हणाली. आजवर 'ते' म्हणायची.

१४ जून, शनिवार

सोमवारी शाळा. तिसरीची पुस्तकं मी काढून ठेवत होते. रंजू कितीतरी वेळ पाठीमागं उभी होती. मग विचारलं — "मावशी, पुण्याला जायला व्हिसा लागतो का?"

लागत नाही, म्हटलं. निवेदिताला फोन लावला आणि तिच्या हातात दिला.