अर्ध्या वर्गाचा निकाल

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

काल मी हॉस्पिटलमधून घरी आले. हो, हॉस्पिटलमधूनच. तुला कळवू नका असं मीच तुझ्या भावोजींना बजावलं होतं, तेव्हा त्यांच्यावर चिडू नकोस. महिनाभर फळ्यावर लिहिताना जबडा दुखायचा, जिना चढताना धाप लागायची. आमच्या डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली. पुन्हा गेले तर म्हणाले की या वयात बायकांना असं होतंच, जरा मन रमवा. मी मन रमवत असतानाच गणिताच्या तासाला कोसळले. हृदयविकाराचा झटका होता.

मी तिथे खाटेवर पडलेली असताना भावोजींनी तुझा वर्तमानपत्रातला लेख वाचून दाखवला. ऊर भरून आला होता त्यांचा. कोलेस्टेरॉल आणि हृदय, सहा हजार माणसांचा अभ्यास. खाली बारीक अक्षरात होतं की सगळे पुरुष. एक तरी बाई का नाही रे? अजून रागावलेले नाही. उत्तर वाचून ठरवीन.

लोभ आहेच, तो काही उत्तरावर अवलंबून नाही.

तुझी ताई

*

११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र आजच मिळालं. मी हृदयावर संशोधन करतो आणि सख्ख्या बहिणीचा झटका मला पोस्टाने कळतो! भावोजींशी महिनाभर अबोला, त्यांना सांग. रविवारी येतोच आहे, तोवर तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

अभ्यास सुरू झाला तेव्हा रीतच तशी होती. पाळी जाईपर्यंत बायकांचं हृदय बरंचसं सुरक्षित असतं, असं आम्ही धरून चालायचो. शिवाय हार्मोन्समुळे त्यांचे कोलेस्टेरॉलचे आकडे वरखाली होतात, सगळा हिशेब विस्कटतो. आमचे प्रमुख तर म्हणतात की बायका तपासणीला येतच नाहीत. यात कुणाचा आकस नाही गं. गोळ्या चुकवू नकोस आणि मुख्याध्यापकांशी भांडण उकरून काढू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा धाकटा

*

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. आ.

रविवारी तू समोर होतास तेव्हा गप्प बसले, कारण भांडायला लागले की धाप लागते. कागदावर लागत नाही.

आकडे विस्कटतात म्हणे! घर आवरायचं आम्ही आणि तुमचे आकडे विस्कटवायचेही आम्हीच! अरे, उभा जन्म गणित शिकवण्यात गेला. अर्ध्या वर्गाची परीक्षा घेऊन मी सगळ्या वर्गाचा निकाल लावला असता, तर मला शाळेतून घालवून दिलं असतं. तुम्हाला मात्र शाबासकी. लेखात लिहिलंयस की ही लक्षणं सर्वांनी ओळखावीत: छातीत दाब, डाव्या हातात कळ. माझ्या छातीत दुखलंच नाही, म्हणून डॉक्टरांना हृदय आठवलंच नाही!

आणि बायका येत नाहीत? तुमची वेळ सकाळी दहाची, तीही रात्रीपासून उपाशीपोटी. म्हणजे बाईने पहाटे उठून घरादाराला खाऊ घालायचं, आपण चहाचा घोटही न घेता, कामावर खाडा करून तुमच्या बाकावर येऊन बसायचं. सहाला दार उघडून पाहिलंत कधी?

शेजारच्या खाटेवर एक शिवणकाम करणारी होती. तिलाही पित्ताच्याच गोळ्या दिल्या होत्या. ती घरी गेली नाही.

आशीर्वाद आहेतच, आज जरा कडू आहेत.

ताई

*

२ एप्रिल

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं. शिवणकाम करणाऱ्या बाईचा मजकूर आला तेव्हा प्रमुखांनी घड्याळाकडे पाहिलं. मी सांगितलं की अभ्यासाच्या अंतिम अहवालातलंही ‘सर्वांनी’ खोडून ‘पुरुषांनी’ लिहा, तरच सही करीन. ते म्हणाले की एका शब्दासाठी एवढा तमाशा कशाला. मी सही केली नाही. अहवाल माझ्या नावाशिवाय गेला आणि माझं टेबल तळमजल्यावर, रक्ताच्या नमुन्यांच्या फ्रीजशेजारी. इतक्या वर्षांचं काम, ताई! अजून डोकं तापलेलंच आहे.

पण बायकांच्या तपासणीची परवानगी पदरात पाडून घेतली. कुणी फिरकणार नाही याच खात्रीने त्यांनी ती दिली. काल पहिला दिवस. सहाला मी स्वतः दार उघडलं. चिटपाखरू नाही. म्हटलं, प्रमुख जिंकले. तेवढ्यात आमच्या हॉस्पिटलच्या फाटकावर आरडाओरडा ऐकू आला. पहारेकरी आलेल्या सगळ्या बायकांना प्रसूती विभागाकडे वळवत होता, बायकांचं सगळं तिकडेच असं सांगून. आणि एक बस कंडक्टर बाई त्याच्यावर आवाज चढवून सांगत होती की तिची मुलं लग्नाला आलीत, तिला हृदय दाखवायचंय.

बाकं पुरली नाहीत, बायका जिन्यावर बसल्या. रक्त देऊन आपापल्या कामाला वेळेत गेल्यासुद्धा. त्या कंडक्टर बाईचा कार्डिओग्राम मात्र मला बरा दिसला नाही. तिला लगेच वर हृदयविभागात घेऊन गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरने कागद पाहिला आणि तिच्याकडे न बघता मला विचारलं की यांचे मिस्टर कुठे आहेत, त्यांच्याशी बोलायला हवं. मी तोंड उघडायच्या आत तिने खुर्ची पुढे ओढली, त्याच्यासमोर बसली आणि त्याला सांगितलं की हृदय माझं आहे, माझ्याशी बोल.

मोठ्यांना नमस्कार, तुला दोन जास्त.

तुझा धाकटा