दाराजवळचा मीटर

मंगळवार, संध्याकाळ, कोसाड

मोगरी आज पहिल्यांदाच उंबऱ्यावर अडली. कामरेजच्या तबेल्यात ही शर्यतीची घोडी महिनाभर कमी ऑक्सिजनच्या बंद खोलीत फिरत्या पट्ट्यावर धावतेय, दम वाढावा म्हणून. दाराजवळच्या मीटरवरचा ऑक्सिजनचा आकडा मी वहीत लिहिते.

आज तिचा घाम पुसायला तोंडाशी गेले, तर मलाच चक्कर आली. विरळ हवेचा पाइप तिच्या नाकासमोर आणि मीटर दाराजवळ, जिथे फटीतून बाहेरची हवा येते. म्हणजे तिला आकड्यापेक्षा खूपच कमी ऑक्सिजन मिळतोय, आणि माझे महिनाभराचे आकडे खोटे?

ट्रेनर जयेशभाईंना सांगितलं. ते हसले. "बेन, तू उपाशी असशील. घोडी तो मजामां छे. उद्या ऑक्सिजन अजून कमी करू."

घरी आप्पांना सांगितलं. कापडाच्या कारखान्यातल्या लूमवरून नुकतेच आलेले. म्हणाले, "तू शिकेल शे ना, मंग बोल."

मी बोलले ना. आता उद्या मीटर तिच्या नाकाशी धरून सगळ्यांना दाखवणार. नोकरी गेली तरी.

आत्ताच जयेशभाईंचा मेसेज आला: उद्या दहाला ये, मोगरीला आम्ही सहालाच पळवतो.

मी पाचलाच निघते. मीटर धरायला मला आत जावं लागेल, आणि त्या खोलीची कडी बाहेरून लागते, हे आजवर कधी मनातच आलं नव्हतं.