इंजिनातल्या अक्षता

२७ सप्टेंबर, शनिवार
बाराही सिलिंडरांचा दाब बरोबर आला. विमानाचा पंखा हातानं फिरवला की बोटांना कळतं. सात वर्षांपूर्वी भाऊसाहेबांनी हे दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर एका कॉलेजच्या अंगणातून उचलून आणलं, तेव्हा इंजिनात चिमण्यांचं घरटं होतं. आज भाऊसाहेब असते तर जिलेबी आणली असती.
ते उन्हाळ्यात गेले. आता मालक प्रसाद, त्यांचा मुलगा. सकाळी तो ठेकेदाराला घेऊन आला, विमानाच्या पोटावर खडूनं फुली मारून गेला. मलकापूरजवळ हायवेला त्याचं हॉटेल होतंय. त्याच्या दारात सिमेंटचा खांब आणि खांबावर हे. फुलीच्या जागी भोक पडलं की पंखांचा मुख्य दांडा कापला जाणार. मग ते जन्मात उडणार नाही.
प्रसादशी बोलणं झालंय ते असं : पुण्याचे ग्रुप कॅप्टन साहेब, एअरफोर्सचे जुने पायलट, १२ ला येणार. त्यांच्यासमोर इंजिन चाललं आणि ते उडवायला हो म्हणाले, तर पंख खोलून ट्रकवर आणि धावपट्टीला. नाही तर १४ ला क्रेन.
फुली पुसली. खडू होता म्हणून.

१ ऑक्टोबर
बाराचे चोवीस प्लग काढून रज्जाकभाईकडे साफ करायला दिले. रज्जाकभाई म्हणजे आपला लेथवाला, सात वर्षांत एक नट चुकवला नाही. प्लगच्या भोकांत कापसाचे बोळे ठासले, वरून लाल चिंध्या बांधल्या. भाऊसाहेबांच्या जुन्या कापूस जिनिंगच्या शेडमध्ये उंदरांचा काय भरवसा.
उद्या दसरा. मी आणि सुमन नागपूरला, दीक्षाभूमीवर. दरवर्षीप्रमाणे काकी (प्र.ची आई) इकडे यंत्रांची पूजा करणार. काकींना म्हटलं, पूजा फक्त पंख्याची, इंजिनाला हात नाही. "हाव तायडेभाऊ, मी काय लहान लेकरू हावो का?"

२ ऑक्टोबर. नागपूर.
गर्दीत मोबाइल वाजला. प्र.चं स्टेटस. विमानाला झेंडूची माळ, पाच सवाष्णी, काकी हळदकुंकू लावतायत. झाकण उघडं. बोळे नाहीत, चिंध्या नाहीत. काकींनी मूठ भरून अक्षता टाकल्या, बाकीच्यांनीही. नंतर प्र.नं पंखा धरून दोन फेरे फिरवला, कॅमेऱ्याकडे बघून हसला.
गर्दीतून बाजूला झालो. बॅग सुमनच्या हातात दिली.
प्र.ला सतरा वेळा फोन. उचलला तेव्हा म्हणे, "काका, काऊन टेन्शन घेता, मस्त रील झाली."
लगेच निघावं तर गर्दीनं गाडीत शिरता येईना.

३ ऑक्टोबर
स्टेशनवरून थेट शेड. सुमन बॅगा घेऊन एकटी घरी गेली. 
चिंध्या धुऊन, घडी घालून ठेवलेल्या. काकींचं काम. देवापुढं मळकं फडकं कसं चालेल! रागवायचं तरी कोणावर.
रज्जाकभाईनं मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आणला. प्लगच्या भोकातून आत सोडला. तांबडे दाणे. पिस्टनवर, कडेला, हळदीला चिकटून बसलेले. रज्जाकभाईनं कॅमेरा पुढच्या भोकात सोडला. तिथंही तेच.

५ ऑक्टो.
तारेच्या टोकाला ग्रीस लावून एकेक दाणा. मग व्हॅक्युमची नळी. मान धरली आहे. अक्षता एकेक करून वाटीत टाकतो.
एअरफोर्समध्ये पहिल्या दिवशी शिकवलं ते हे : झाकण लावायच्या आधी हत्यारं मोजायची. जेवढी आत नेली तेवढी बाहेर आली पाहिजेत. एक पाना कमी निघाला म्हणून अख्खं स्क्वाड्रन जमिनीवर बसवलेलं मी पाहिलंय. शेडच्या भिंतीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवून ठेवलाय मी, एक जागा रिकामी दिसली की घरी जायचं नाही.
आणि अक्षता? अक्षता कोण मोजून टाकतं?

७ ऑक्टो.
अकरा सिलिंडर साफ, दाब पूर्ववत. उजवीकडचं चौथं नाही. पंखा फिरवला की तिथं हात ढिला पडतो आणि एक्झॉस्टमधून फुस्स. झडप पूर्ण बसत नाहीये. तिच्या बैठकीत काहीतरी आहे. कॅमेरा तिथपर्यंत वळत नाही.
दाणाच असेल. किंवा कार्बन. किंवा प्र.नं फिरवताना काही वाकलं असेल. माहीत नाही. दिवसभरात हाच शब्द कितीदा आला तोंडी.

८ ऑक्टो.
रज्जाकभाई : "भाऊ, चावलच त हाये. चालू करून टाका, जलून जाईन."
खरं आहे. जळूनही जाईल. किंवा झडप दोन मिनिटं नीट चालेल, ग्रु. कॅ. साहेब खूश होऊन हो म्हणतील, आणि नंतर धावपट्टीवरून वर चढताना, पूर्ण जोरात असताना, तीच झडप जळून तुटेल. खाली सोयाबीन, वर एक सीट. दुसरा कोणी नाही आत.
हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा झडपांचा भाग, उघडून बघायचं तर उजवी बाजू पूर्ण सोडावी लागते. उघडणं जमेल. पण १२ पर्यंत परत बसणार नाही. दिवाळीही जाईल.
म्हणजे खांब.
चालू करावं. खरंच, करून टाकावं. सात वर्षं. डोळे गेले, सुमनची बोलणी खाल्ली, नातवाच्या बारशाला हात ग्रीसचे.

९ ऑक्टो.
झोप नाही. सुमनला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही सोता बसाल का त्याच्यात?"
मी बसणार नाही. मला उडवता येत नाही, पण ते कारण नाही.

१० ऑक्टो.
ग्रु. कॅ. साहेबांना फोन केला. सांगून टाकलं. अक्षता, झडप, सगळं. आधी ते हसले. 
"तायडे, तू सांगितलं नसतंस तर मी विचारलंही नसतं. हेड उघड. झालं की मला बोलाव, मी येईन."
साहेब, तोवर ते खांबावर असेल, असं म्हणणार होतो. "जी सर" म्हणून फोन ठेवला.
प्र.ला सांगितलं, महिना दे. "काका, पाडव्याले उद्घाटन हाये. पत्रिका वाटून झाल्या. बाबांसाठी मी लय थांबलो." वर म्हणतो, खांबावर तरी बाबांचं विमान लोकांना दिसेल, शेडमध्ये कोण बघतं? हे तो मनापासून बोलतो, म्हणून जास्त चीड येते.

१२ ऑक्टो., रविवार
आज साहेब यायचे होते. त्याऐवजी मी आणि रज्जाकभाई उजवी बाजू सोडतोय. कशासाठी, विचारू नये. परवा क्रेन. मेलेल्या माणसाचं ऑपरेशन करावं तसं चाललंय. तरी नट सोडताना हात घाई करत नाहीत, याचाच राग येतो.
सरकीची पोती उचलायचा जुना चेनब्लॉक हेड उचलायला लावला. संध्याकाळपर्यंत अर्धं.

१३ ऑक्टो.
काकी आल्या. आजवर त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. सकाळी रज्जाकभाईनं सांगितलं.
हेड वर लोंबकळत होतं. काकी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.
"तायडेभाऊ, मी त आशीर्वाद देला होता. मले काय मालूम, त्याच्या घशात अडकीन म्हनून."
मी चिडून म्हणालो, काकी, कापडं का काढली? सांगून गेलो होतो ना?
"नव्या नवरीले कोनी चिंध्या बांधून ठेवते का?" आणि रडायला लागल्या. "भाऊसाहेबायची लय इच्छा होती, खामगाववरून एक चक्कर मारीन म्हनत. म्या बुडवलं."
मलाही रडू आलं. पाना हातात घेऊन दोघं रडत उभे. रज्जाकभाई चहा आणायला गेला तो तासभर आलाच नाही.

१४ ऑक्टो., मंगळवार
क्रेन नऊला आली. फाटकाला आतून कुलूप. जिनिंगची जागा काकींच्या नावावर आहे, हे आम्ही सगळेच विसरलो होतो, प्र.सुद्धा. काकी फाटकाच्या आत खुर्ची टाकून बसल्या. किल्ली कमरेला.
प्र. बाहेरून : "आई, लोकं हसून राह्यले."
"हसू दे. तुह्या बापालेही हसत होते."
तो चिडून गाडीत बसला. गेला नाही. दुपारी सरपंचांना, मामांना, कोणाकोणाला फोन करत होता. मामा येणार म्हणे, काकींना समजवायला. काकी या भावाचं ऐकतात.
मी आत. दीडला चौथ्या सिलिंडरची झडप बाहेर काढली. बैठकीच्या काठावर, दाबून चपटा झालेला, एक दाणा. त्याच्यामुळे झडप तिरकी बसून तिची दांडी किंचित वाकलेली. चालू केलं असतं तर तिथूनच जळत गेली असती. साहेब वर असताना.
तो तळहातावर घेऊन फाटकापाशी गेलो. काकींना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून बघितला.
"अजून लालच हाये."
"हो."
"आता उडीन का?"
नवी झडप करायची, बसवायची, घासायची, हेड चढवायचं. महिना, सव्वा महिना. हे सांगितलं.
काकींनी दाणा पदराच्या टोकाला बांधला. म्हणाल्या, जा, काम करा, मी हावो बसलेली.
मी परत आत आलो. बाहेर गाडीचं दार वाजलं. मामा आले असावेत.