चाळीस वेळा पळालो की जिंकतो

शनिवार, १२ ऑक्टोबर १९९१

आधी सगळ्यांच्या तब्येती, मग बाकीचं. बायकोची, लिबीची, साखर कशी आहे? उतरली. डॉक्टर खूश, ती नाही. तिचे लाडके कोलाचे, ते गोड भरलेले पाव, बंद झाले ना! कोच डेरिलचं पोट? जळतंय. गोळ्यांची पुडी खिशात घेऊन फिरतो. त्याची बायको जोनेल? सातवा महिना लागला. पाय सुजलेत, तरी आज पाठीला उशी लावून स्टँडमध्ये बसली होती. माझा गुडघा? आहे जागेवर.

आणि आपल्या कॉलेजच्या फुटबॉल संघाची तब्येत? ती विचारूच नये. २७–६ हरलो. पाच सामन्यांत एक विजय.

वहीत नोंद केली: आम्ही चेंडू घेऊन पळालो एक्केचाळीस वेळा, हवेतून पुढे फेकला सात वेळा. एक्केचाळीस! माझ्या हिशेबाने आज जिंकायला हवं होतं.

रविवार, १३ ऑक्टोबर

चर्चमध्ये लक्ष लागलं नाही.

सगळं मार्चमधे सुरू झालं. डेरिल केस कापायला आला होता. माझं न्हाव्याचं दुकान विकून मला सहा वर्षं झाली, पण त्याचं डोकं अजून माझ्याच हाताखाली— मागच्या पडवीत, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. विद्यार्थी होता तेव्हा चार वर्षं आमच्या वरच्या खोलीत राहिला. तेव्हा चेंडू घेऊन पळायचा. आता इथलाच कोच. दोन हंगाम हरला होता, पोरांना सारखं फेकायला लावून. मानेवर मशीन फिरवत होतो तेव्हा म्हणाला, "म्हातारबा, तुमची वही काय म्हणते?"

एक्केचाळीस वर्षं मी मैदानाच्या कडेच्या लाकडी केबिनमध्ये बसून प्रत्येक खेळी लिहितोय. पळालो तर 'प', फेकला तर 'फ'. शाळा आठवीत सुटली, पण मोजता येतं. मी वही उघडून दाखवली. ज्या सामन्यांत चाळीस वेळा पळालो, त्यांतल्या दहातले नऊ जिंकलो. तिसाच्या आत राहिलो की बहुतेक हरलो. एवढं स्वच्छ!

तो वहीत डोकं खुपसून बसला. अर्धं डोकं कापलेलं, अर्धं तसंच.

"म्हणजे पळायचंच?"

"पळायचंच," मी म्हणालो. चर्चमधल्या फादरलासुद्धा एवढी खात्री नसेल.

बुधवार, १६ ऑक्टोबर

कॅफेत ऑर्विलने सगळ्यांदेखत विचारलं, "लाडी, चेंडू फेकायला ठेवलेल्या त्या क्वार्टरबॅकचा उजवा हात जन्मतःच नाही की लढाईत गेला?" हसलो. काय करणार!

शनिवार, १९ ऑक्टोबर

हरलो. ३१–३. पळालो त्रेचाळीस, फेकला पाच.

समोरच्यांना काही कळायचं बाकीच नाही. अकरातले नऊ-नऊ जण पुढे येऊन भिंत करतात. पाठीमागे सगळं रान मोकळं— तिथे गाय चारावी! आपली पोरं त्या भिंतीवर डोकी आपटतात, उठतात, परत आपटतात. स्टँडमधून ओरडले, "अरे फेका! कबुतर तरी सोडा!" जोनेलच्या मागच्याच रांगेत. तिने मान वळवली नाही.

कॉलेजच्या विश्वस्तांची बैठक २० नोव्हेंबरला. डेरिल राहणार की जाणार ते तिथे ठरणार. राहतं घर कॉलेजचं आहे. नोकरी गेली तर बाळंतपण कुठे करणार ती?

मंगळवार, २२ ऑक्टोबर

हे कसं लिहू कळत नाही.

मी टेबलावर जुन्या वह्या पसरून बसलो होतो. लिबी बटाटे सोलत होती. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही असं मी पन्नास वर्षं समजत आलो. म्हणाली, "लाडी, एक विचारू? आपण पुढे असलो की शेवटी-शेवटी पोरं नुसती पळतातच ना? घड्याळ संपवायला?"

"पळणारच. फेक वाया गेली की घड्याळ थांबतं. पळालं की चालू राहतं."

"मग ते पळणंसुद्धा तू मोजलंस?"

मी म्हणालो, "सगळं मोजलं." आणि वहीची पहिली पानं परत उलटायला लागलो.

ती बटाटे सोलतच होती.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

तीन दिवस परत मोजलं. चष्म्याने नाकावर वळ उठलेत. एकशे अडुसष्ट विजय, एकेक करून. हाफटाइमच्या आधीचं वेगळं, शेवटच्या क्वार्टरचं, म्हणजे शेवटच्या पंधरा मिनिटांचं, वेगळं. मग दोन्हींची सरासरी काढली.

शेवटच्या क्वार्टरमधे— पळणं सोळा, फेक दोन.

हाफटाइमच्या आधी— पळणं अठरा, फेक पंधरा. जवळजवळ सारखं! जिंकायचं असायचं तेव्हा आम्ही दोन्ही करत होतो. समोरच्याला पत्ता लागू देत नव्हतो. मग आघाडी मिळायची, आणि मग पळत सुटायचो. चाळीस वेळा पळालो म्हणून जिंकलो नाही. जिंकत आलो होतो म्हणून चाळीस वेळा पळालो!

हरलेले सामनेही पाहिले. त्यातले निम्म्याहून जास्त असे, की आम्ही एकच खूळ डोक्यात घेऊन बसलो होतो. कधी नुसती फेक, कधी नुसतं पळणं.

एक्केचाळीस वर्षं मी घोड्याच्या पुढे गाडी बांधली आणि वर त्याचा अभिमान धरला. कॅफेत मला 'प्रोफेसर' म्हणायचे. मलाही आवडायचं ते. खोटं कशाला बोलू.

शनिवार, २६ ऑक्टोबर

हरलो. किती ते लिहीत नाही.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

गुरुवारी डेरिल-जोनेल आमच्याकडे जेवतात. डुकराचं मांस, डम्पलिंग, आंबट कोबी. आज सांगायचंच म्हणून सकाळपासून वाक्यं जुळवत होतो.

हॅलोवीन म्हणून दारावर पोरं भुतं होऊन येत होती, लिबी चॉकलेटं वाटत होती. जोनेल म्हणाली, "काका, याला जरा सांगा, नीट खात नाही." डेरिल म्हणाला, "म्हातारबा सांगतात तेवढंच तर ऐकतो मी." मग माझ्याकडे बघून, "सगळं गाव म्हणतं फेक. पोरांचे बाप म्हणतात फेक. तुमची वही आहे म्हणून मला झोप तरी लागते."

मी त्याच्या ताटात आणखी एक डम्पलिंग वाढलं.

भेकड! भेकड म्हातारा!

शनिवार, २ नोव्हेंबर

हरलो. बर्फ. सेंटरला, अगदी मधोमध, खेळणाऱ्या पोराचं मनगट मोडलं. त्याच भिंतीवर.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

सांगितलं.

सरावाच्या आधी गेलो. तो सामानाच्या खोलीत बुटांचे तळ तपासत होता. ओल्या चामड्याचा वास. मी वही उघडून उभा राहिलो आणि एका दमात सगळं ओकलो. शेवटी म्हणालो, "माझ्यामुळे झालं. तुझं मी वाटोळं केलं, पोरा."

त्याने वही घेतली. हाफटाइमच्या आधीचे आकडे बोटाने खाली-खाली वाचत गेला. मला वाटलं भिंतीवर फेकून मारेल. मारायला हवी होती.

तो हसला! कसनुसा, पण हसला. "अठरा आणि पंधरा. मी खेळायचो तेव्हाही असंच होतं. माझ्या पायांनाच माहीत होतं, म्हातारबा. डोक्यात कसं आलं नाही?"

"मी भरवलं ना दुसरं."

"कोच मी आहे. वही कुणीही दिली तरी पान उलटून बघायचं काम माझं." मग बूट ठेवून उभा राहिला. "हे आपल्या दोघांत राहू दे. कुणाला सांगू नका. कबूल?"

कबूल म्हणालो. केवढं मन त्याचं! सगळा दोष स्वतःच्या अंगावर घ्यायला निघालाय.

शनिवार, ९ नोव्हेंबर

जिंकलो! २४–१७!

पहिल्याच खेळीला फेकला. समोरचे नऊच्या नऊ भिंत करून उभे— आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला! तिसऱ्या वेळेपासून ते मागे सरकले, आणि सरकले तसं पळायला वाट झाली. हाफटाइमपर्यंत पळालो सतरा, फेकला सोळा. ऑर्विल केबिनच्या खिडकीवर मुठी मारत होता, "हात उगवला रे त्याला!"

लिबीने साखरेकडे दुर्लक्ष करून अर्धा कोलाच खाल्ला.

शनिवार, १६ नोव्हेंबर

शेवटचा सामना. जिंकलो. २०–१४. पळालो एकतीस, फेकला अठ्ठावीस.

तरी हंगाम तीन विजय, सात पराभव. जोनेल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. पोटातलं बाळ मला लाथ मारत होतं, कोटातूनसुद्धा कळलं. म्हणाली, "आता नाही ना काढणार त्याला, काका?" काय सांगू? कॅफेत म्हणतात, दोन सामने जिंकून काय होतं? आठ आठवडे एकच खेळी खेळणारा मूर्ख माणूस पोरांच्या भवितव्याशी खेळतो, असं एक विश्वस्त चारचौघांत बोलला म्हणे.

मूर्ख तो नाही! मूर्ख कोण ते मला माहीत आहे.

सोमवार, १८ नोव्हेंबर

विश्वस्तांना पत्र लिहिलं. पाच वेळा फाडलं. शब्द दिलाय हे मान्य. पण तो शब्द त्याच्या भल्यासाठी मोडतोय.

सगळं लिहिलं. पळायचा हट्ट माझा. आकडे माझे, चूक माझी. तो मला बापासारखा मानतो म्हणून त्याने ऐकलं. खरं कळल्याबरोबर त्याने खेळ बदलला आणि दोन्ही सामने जिंकले. हंगामाचा दोष त्याच्या माथी मारू नका. खाली सही: लाडिस्लाव व्हावरा, निवृत्त न्हावी.

अध्यक्षांच्या कचेरीतल्या वर्लाच्या हातात नेऊन दिलं. येताना पाय हलके वाटले. महिन्याभरात पहिल्यांदा.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

काढलं.

महिनाअखेर घर रिकामं करायचंय. डेरिल सांगायला आला, दारातूनच. "कारण दिलं नाही. निर्णय झाला, एवढंच म्हणाले." जोनेलच्या आईकडे जाणार, कॅन्ससला. मी पत्राचं बोललो नाही. बोलून काय? उपयोग झाला नाही. उशीर केला मी. ऑक्टोबरात लिहायला हवं होतं. जेवायला थांब म्हणालो. थांबला नाही.

त्याचे केस वाढलेत मागून.

शनिवार, ३० नोव्हेंबर

गेले. गाडीच्या टपावर पाळणा उलटा बांधला होता. लिबीने दोन दिवस पुरेल एवढं बांधून दिलं. मी दोरीच्या गाठी तपासत राहिलो, पाच वेळा तपासल्या. डेरिलने मिठी मारली. "वही सोडू नका, म्हातारबा."

मंगळवार, ३ डिसेंबर

वर्ला किराणा दुकानात भेटली, पिठाच्या मांडणीपाशी. मला बघून दुसरीकडे वळली. मी गाठलीच. म्हणाली, "लाडीकाका, तुम्ही का लिहिलंत हो ते?" त्या दिवशी ती टिपणं घ्यायला आत होती. हात वर झाले होते— पाच विरुद्ध चार. शेवटच्या दोन सामन्यांमुळे. डेरिलला आणखी एक वर्ष. मग अध्यक्ष म्हणाले, एक पत्र आलंय, नोंदीसाठी वाचतो. वाचून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "न्हाव्याच्या वहीवर संघ चालवतो हा?" हसले. आणि हात परत मोजले.

घरी येऊन कोट न काढता कॅन्ससला लिहायला बसलोय. एवढंच जमलं:

'डेरिल, पत्र मी लिहिलं होतं. तू नको म्हणाला होतास. शिव्या दे, काहीही दे, पण लवकर लिही.'