धर्मपालची कुबडी

तेलीबांधा, रायपूर
९ ऑगस्ट २००८

प्रिय धर्मपाल,

जय भीम. तुझी तिन्ही पत्रं मिळाली. "जिंदगीभर माइक सोडला नाही, आन् माझ्या टायमाले गळा बसला का तुहा?" असं तू गोंदियाहून विचारतोस. टोमणा खरा आहे, म्हणून झोंबला.

परवा शंकर नगरात औषधांच्या मोठ्या दुकानात काचेआड तुझी कुबडी पाहिली. चकचकीत नळी, निळं रबर आणि शेजारी पाटी : पेटंटप्राप्त संशोधन. संशोधन! यांच्यातला एक तरी माणूस कधी चिखलातून चालला आहे का? तू इथे होतास तेव्हा भनपुरीच्या ट्रक गॅरेजात जुन्या व्हॅनच्या स्टीअरिंगचा बॉल जॉइंट कापून कुबडीला बसवलास तू. खाली टायरचा तुकडा ठोकलास तू. तुझ्या लेकीची, पिंकीची साधी कुबडी शाळेच्या वाटेवर रुतायची, पोट्टी रोज गुडघे फोडून यायची, म्हणून. जमीन कलेल तसा कुबडीचा पाय वळू लागला. नाल्याचा उतार एकटीने चढून आली आणि ओरडली, "बाबा, मैं गिरीच नहीं!" तू तोंड फिरवून पाना पुसत बसलास.

मी दुकानदाराला विचारलं, ही कोणी बनवली? म्हणाला, "कंपनी ने, भैया, और कौन बनाएगा?" मग माझा तोल गेला. अपंगांच्या शिबिरात नमुन्याला म्हणून तुझ्याकडून दोन कुबड्या नेणारा तो गोडबोल्या कंपनीचाच माणूस होता, हे मी गिऱ्हाइकांदेखत सांगितलं. दहावी नापास फिटर डोकं चालवतो तेव्हा त्याला जुगाड म्हणतात. तेच टायवाल्याने कागदावर काढलं की शोध! दुकानदाराने पाणी दिलं आणि बाहेरची वाट दाखवली.

तिथून तडक वकील मंजिरीताईंकडे गेलो. तुझ्या नावाने दावा लावा म्हणालो. त्यांनी एकच विचारलं : कंपनीच्या २००५ च्या अर्जाआधी ही वस्तू चारचौघांत दाखवली होती का? धर्मपाल, मला हो म्हणावं लागलं.

म्हणून हे पत्र. २००४ ची चौदा एप्रिल. कुबडी माझ्या हाती देताना तू बजावलं होतंस, "गौतम, अजून कोणाले दाखवू नको, कागद करायचे हायेत." आणि मी टाळ्यांच्या भरात ती मंचावर उंचावली, एकेक स्क्रू काढून हजार माणसांना समजावली. तू पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलास. मला वाटलं, लाजतोय. ताई म्हणतात, अर्जाआधी जगजाहीर झालेल्या वस्तूचं पेटंट कोणाचंच टिकत नाही. जयंती मंडळाच्या सीडीत माझं सगळं भाषण आहे, तारखेसकट. ती दिली तर कंपनीचा हक्क पडू शकेल, कुठल्याही गॅरेजात कोणीही कुबडी बनवू शकेल. पण पेटंटवर तुझं नाव कधीच लागणार नाही. ते कंपनीच्याही आधी मी घालवलं. चार वर्षं तू हे एकदाही बोलून दाखवलं नाहीस. सीडी माझ्या टेबलावर आहे. हरकत नोंदवायची मुदत या महिनाअखेरीस संपते. देऊ की नको, ते तू ठरव. मागच्या वेळी तुला विचारलं नव्हतं.

तुझाच,
गौतम